म्हातारी खोटं बोलली नव्हती

लंडनच्या कडेला, स्टॅनमोरला आमच्या मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत कुणीतरी हमखास विचारायचं, "तुम्ही त्या जपानी भुताच्या सिनेमांमध्ये काय करता म्हणे?" मी सांगायचे, "पडद्याच्या खाली इंग्लिश अक्षरं येतात ना, ती मी लिहिते." एकदा एका डॉक्टरीणबाईंनी पापड हातात धरून विचारलं होतं, "अय्या, ती कुणी लिहितं? मला वाटलं, मशीनमधून येतात!"

त्यांच्यावर मी कधी रागावले नाही. ज्याला माहीत नाही त्याच्यावर काय रागवायचं? माझा राग आहे तो ज्यांना माहीत होतं त्यांच्यावर. संपादकांनी फोनवर सांगितलं, "कामातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीचा अंक आहे." गमती आहेत, दोन-तीन सांगतेही. पण इतक्या वर्षांनीसुद्धा एका ओळीवरून माझे कान तापतात, आणि ते दिवाळीसाठी थंड करायची माझी इच्छा नाही.

जपानी मी पुण्यात शिकले आणि तिथेच एका कारखान्यात मशीनची माहितीपत्रकं मराठी-इंग्लिशमध्ये करत होते. बोल्ट किती आवळायचा, तेल कधी बदलायचं, असलं सगळं. लग्नानंतर वॉटफर्डला आले. आमचे डॉक्टर तिथल्या हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करायचे. इंग्लंडमध्ये माझ्या जपानीचं काय होणार, ते मला कळत नव्हतं. मग दोन हजार सालानंतर इथे डीव्हीडीची लाट आली आणि तिच्याबरोबर जपानी भुतं आली. ओल्या केसांची, पांढऱ्या कपड्यातली बाई जिथे तिथे दिसायला लागली. लंडनच्या युस्टन स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक छोटी कंपनी होती. ती हे सिनेमे विकत घ्यायची, इंग्लिश सबटायटल्स लावायची आणि बाजारात सोडायची. ती सबटायटल्स मी सात वर्षं लिहिली.

हे काम बाहेरून दिसतं तसं भाषांतराचं नाही. कातरकामाचं आहे. पडद्यावर एका वेळी फार तर दोन ओळी मावतात, एका ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं. माणूस बोलतो भराभर, डोळा वाचतो सावकाश. नट वीस शब्द बोलला तर तुमच्या हातात आठ. कुठले आठ, हीच सगळी कला. शिवाय प्रेक्षक वाक्य वाचून मोकळा होतो तेव्हा नटाचं अर्धंच बोलून झालेलं असतं. म्हणजे शेवटच्या शब्दात धक्का असेल तर तो तुम्ही आधी फोडायचा नाही. मी एकेका ओळीवर अख्खी सकाळ घालवली आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

कंपनीचा मालक ग्रेग. उंच, हसरा, कुणालाही पहिल्या भेटीत आवडेल असा. त्याला जपानी येत नव्हतं, याबद्दल माझी तक्रार नाही. त्याला सिनेमा बघवत नव्हता, ही माझी तक्रार आहे. एका चित्रपटात नायक बापाच्या फोटोसमोर जवळजवळ चार मिनिटं गप्प बसतो. ग्रेगचा मला फोन, "इथे सबटायटल राहिलंय."

मी म्हटलं, "तो बोलत नाहीये."

"पण लोकांना कळणार कसं, तो काय विचार करतोय?"

"बघून," मी म्हटलं. तो हसला. मीही हसले. तेव्हा मला ते हसण्यासारखं वाटत होतं.

आमच्या गिऱ्हाइकांत मेडनहेडचे एक मिस्टर हॉजकिस होते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले. जपानी एक अक्षर येत नव्हतं, पण प्रत्येक डिस्क तीनदा बघायचे आणि आम्हाला हाताने पत्र लिहायचे. "एक तास बाराव्या मिनिटाला बहिणीला मावशी म्हटलं आहे, तरी कृपया खुलासा व्हावा." ऑफिसात त्यांच्या पत्रांची टिंगल चालायची. मी मात्र दर वेळी उत्तर लिहायचे, कारण दहातल्या नऊ वेळा चूक खरंच असायची आणि सात-आठ वेळा ती माझी असायची. आपण लिहिलेलं कुणीतरी इतकं नीट वाचतं, याचं सुख काय असतं ते या धंद्यात पडल्याशिवाय कळणार नाही.

आता त्या कादंबरीकडे येते.

जपानमध्ये एका बाईंनी तरुणपणी लिहिलेली ही रहस्यकथा. सगळे त्यांना सेन्सेई म्हणायचे, म्हणजे गुरू, आपण शाळेतल्या बाईंना "बाई" म्हणतो तसं. मीही इथे तेच म्हणते. डोंगरातलं एक गाव, तिथलं तांदळाची दारू गाळणारं श्रीमंत घर. घरची थोरली सून तळ्यात बुडून मेलेली आहे. थोरला मुलगा त्याआधीच युद्धात गेला, तसं सरकारी पत्रही आलेलं. सुनेच्या वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी बर्फ पडत असतो. घरातली म्हातारी मोलकरीण मागच्या दारात उभी असते. ती बाहेर कुणाला तरी बघते आणि एवढंच म्हणते, "आनो हितो परत आलंय." त्यानंतर घरात एकेक माणूस मरायला लागतं.

'आनो हितो' म्हणजे "ते माणूस". बाई की पुरुष, काही कळत नाही. जपानी क्रियापदही ते सांगत नाही. गावाला वाटतं, बुडालेली सून परत आली. वाचकालाही तेच वाटतं. शेवटी कळतं की म्हातारीने थोरल्या मुलाला पाहिलं होतं. तो मेलाच नव्हता. बायकोला कुणी तळ्यात लोटलं ते त्याला कळलं होतं, आणि तो हिशोब चुकता करायला आला होता. सगळा उलगडा होतो, एक गोष्ट सोडून. बर्फात पावलं दोघांची उमटलेली असतात. ती दुसरी पावलं कुणाची, ते सेन्सेई सांगत नाहीत. म्हणून ती भुताची गोष्टही आहे आणि खुनाचीही.

अख्खी कादंबरी त्या एका वाक्यावर उभी आहे, आणि जपानमध्ये तिला हात लावणाऱ्या प्रत्येकाने ते वाक्य जपलं होतं. रेडिओवर नाट्य झालं, तिथे नुसता पावलांचा आवाज. चित्रकथा निघाली, तिथे चित्रकाराने म्हातारीचा चेहरा काढला, तिने काय पाहिलं ते काढलंच नाही. टीव्हीवर मालिका झाली, तिच्यात बर्फाने पांढरी झालेली छत्री दिसते. मग सिनेमा आला. दिग्दर्शकाने फक्त म्हातारीच्या हातातला कंदील खाली जाताना दाखवला. म्हणजे चार वेगवेगळ्या माध्यमांतल्या माणसांनी आपापली अक्कल लढवून एक गुपित सांभाळलं. पाचवी मी.

मराठीत हे सोपं होतं. "ते माणूस परत आलंय" म्हटलं की झालं, आपल्याकडे नपुंसकलिंग आहे. इंग्लिशमध्ये 'ही' म्हणा नाहीतर 'शी' म्हणा, मेलातच. 'दॅट पर्सन' म्हटलं तर पोलीस स्टेशनात तक्रार लिहिल्यासारखं वाटतं. मी अकरा दिवस ती ओळ डोक्यात घेऊन हिंडले. टेस्को सुपरमार्केटच्या रांगेत, मुलीच्या शाळेतल्या पेरेंट्स इव्हनिंगला, सगळीकडे. मग एकदा पोळ्या लाटताना सुचली. 'होम अगेन, देन.' म्हणजे, "आलं म्हणायचं घरी परत." कर्ताच नाही. म्हातारी मोलकरीण बोलेल तशीच इंग्लिश. लाटणं खाली ठेवून मी एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

फाइल पाठवली आणि मी पुढच्या कामाला लागले.

डिस्क घरी आली तेव्हा कव्हर बघूनच मी गार पडले. कव्हरवर ओल्या केसांची बाई. सिनेमात अशी बाई कुठेच नाही. ग्रेगने इथेच कुठल्याशा मॉडेलला भिजवून फोटो काढला होता. मी म्हटलं, असो, कव्हर काही माझं काम नाही.

रविवारी दुपारी रेवाने ती लावली. माझी मुलगी रेवा तेव्हा पंधरा वर्षांची, जपानी चित्रकथांची वेडी, वॉटफर्डमध्येच जन्मलेली. तिच्या मराठीत लिंगांची मारामारी. मी स्वयंपाकघरात होते. सिनेमा संपला आणि ती दारात येऊन उभी राहिली.

"आई, हा सबटायटल तू लिहिली?"

"हो. का गं?"

"इट्स अ चीट. म्हातारी खोटं बोलला."

एरवी मी म्हटलं असतं, "बोलली." त्या दिवशी नाही म्हटलं. मी हात पुसून बाहेर गेले, सिनेमा मागे नेला. बर्फ, दार, कंदील खाली जातो आणि पडद्यावर इंग्लिश अक्षरं येतात : 'शी'ज बॅक.'

ती परत आली.

ज्या म्हातारीने स्वतःच्या डोळ्यांनी पुरुष बघितला, ती म्हणते "ती आली". म्हणजे ती खोटारडी, नाहीतर खुन्याला सामील. म्हणजे लेखिका लबाड. आणि शेवटच्या पाटीवर ठळक अक्षरांत, सबटायटल्स : माझं नाव.

सोमवारी सकाळी मी युस्टनला उतरून तडक तिसरा मजला गाठला. ग्रेग कॉफी पीत होता.

"ओळ कुणी बदलली?"

"मी. टेस्टला काही लोकांना सिनेमा दाखवला, ते विचारत होते, कोण घरी आलं? आणि कव्हरवर बाई आहे ना."

"ती बाई सिनेमात नाहीये, ग्रेग! आलेला माणूस पुरुष आहे. तू शेवट बघितलास का?"

तो कपात बघायला लागला. त्यातच मला उत्तर मिळालं. मग म्हणाला, "लुक, एक शब्द आहे."

मी टेबलावर हात आपटला. आयुष्यात पहिल्यांदा. त्याची कॉफी सांडली, बाहेरच्या मुली वळून बघायला लागल्या. मी म्हटलं, "ओळ परत बदल, नाहीतर माझं नाव काढ." तो म्हणाला, डिस्क छापून झाल्यात, पण पुढच्या महिन्यात सेन्सेई लंडनला येणार आहेत, सिनेमाचा खास खेळ आहे, त्या कॉपीत तुझीच ओळ घालतो. प्रॉमिस. त्या कार्यक्रमाला दुभाषी म्हणूनही तूच उभी राहा.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. इथे माझी पहिली चूक. एक फोन करून कॉपी मागवून बघता आली असती. नाही बघितली.

दुसरी चूक जास्त वाईट आहे.

खेळ शनिवारी दुपारी होता. सिनेमा चालू असताना सेन्सेई आणि मी मागच्या खोलीत चहा घेत बसलो होतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बारकीशी बाई, करडा कोट, पाय जमिनीला पुरत नव्हते. मी सबटायटल्स केलीत हे कळल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"मोलकरणीचं पहिलं वाक्य कसं केलंत? फ्रेंच भाषांतरकाराने त्या वाक्यावरून मला चार पत्रं लिहिली होती."

मी सांगितलं. इंग्लिश वाक्य सांगितलं, त्याचा जपानी अर्थ सांगितला, कर्ता कसा गाळला ते सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ते मनातल्या मनात म्हणून बघितलं, आणि मग चक्क माझा हात दोन्ही हातांत धरला. "म्हातारी वाचली," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी सांगायला हवं होतं, की बाहेर दुकानांत जी डिस्क विकली जाते आहे तिच्यात म्हातारी वाचलेली नाही. मी सांगितलं नाही. पुण्याच्या कारखान्यात बोल्टची पत्रकं करणाऱ्या माझा हात एवढी मोठी लेखिका धरून बसली होती. मला तो हात सोडवेना. मी म्हटलं, "आरिगातो गोझाइमास," म्हणजे आभारी आहे, आणि चहा प्यायले.

सिनेमा संपल्यावर आम्ही स्टेजवर जाऊन बसलो. पहिले दोन प्रश्न नेहमीचे, भुतांवर विश्वास आहे का वगैरे. मग चौथ्या रांगेत एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे राहिले. मेडनहेडचे मिस्टर हॉजकिस, असं त्यांनी आधी नाव सांगितलं. मी त्यांना तोवर कधी बघितलं नव्हतं.

ते फार अदबीने म्हणाले, "मॅडम, मला तुमची कथा अतिशय आवडली. पण एक खटकतं. मोलकरीण पुरुषाला बघते आणि म्हणते, शी'ज बॅक. म्हणजे ती आमच्याशी सरळ खोटं बोलते. रहस्यकथेत हे रास्त आहे का?"

म्हणजे कॉपी बदललेली नव्हती. पहिल्या रांगेत ग्रेग बसला होता. त्याने माझ्याकडे बघून बारीक मान हलवली आणि हसला. त्याचा अर्थ मला कळला : सांभाळून घे.

आणि घेता आलं असतं. त्या सभागृहात दोन्ही भाषा येणारी बहुधा मी एकटीच. सेन्सेईंना म्हटलं असतं, "यांना मोलकरणीचं पात्र फार आवडलं," तर त्या हसून आभार मानत्या, ते मी इंग्लिशमध्ये गोड करून सांगितलं असतं आणि सगळे टाळ्या वाजवून घरी गेले असते. दुभाष्याच्या हातात किती असतं, याची लोकांना कल्पना नसते.

मी प्रश्न जसाच्या तसा जपानीत सांगितला. 'शी'सकट.

 सेन्सेई माझ्याकडे न बघता समोर बघून म्हणाल्या, "माझ्या पुस्तकात म्हातारी एकदाही खोटं बोलत नाही. ऐकणारे चुकीचं ऐकतात. या गृहस्थांनी काय वाचलं ते त्यांना विचारा."

मी हे इंग्लिशमध्ये सांगितलं आणि मग दुभाष्याने जे कधीही करायचं नसतं ते केलं. स्वतःचं बोलले. म्हटलं, "मिस्टर हॉजकिस, ती ओळ चुकीची आहे. सबटायटल्सवर माझं नाव आहे, पण ही ओळ माझी नाही. कंपनीने बदलली. माझी ओळ होती, होम अगेन, देन. लेखिकेने तुम्हाला फसवलेलं नाही. आम्ही फसवलं."

ग्रेग उठून उभा राहिला होता. कुणीतरी टाळी वाजवली, एकच, आणि थांबली. सेन्सेईंनी विचारलं, "तुम्ही त्यांना काय सांगताय?"

मी सगळं जपानीत सांगितलं आणि खाली वाकले.

"म्हणजे मघाशी चहाच्या वेळी तुम्हाला हे माहीत होतं?"

"डिस्कचं माहीत होतं. आजचं नाही."

"मग चहाच्या वेळीच सांगायचं होतंत," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. आमच्या घरात कुणी इतक्या हळू आवाजात मला कधी इतकं बोललेलं नाही.

मग त्या खुर्चीवरून उतरल्या. कोट सारखा केला, कंदील धरल्यासारखा हात पुढे केला आणि म्हातारीच्या आवाजात ते वाक्य म्हणाल्या. मला म्हणाल्या, "सांगा." मी सांगितलं, होम अगेन, देन. त्यांनी पुन्हा म्हटलं, पुन्हा "सांगा". तीनदा.  मिस्टर हॉजकिस उभेच होते. तिसऱ्या वेळी त्यांनी हळूच "ओह" म्हटलं आणि खाली बसले.

सेन्सेई गेल्या तेव्हा सगळ्यांशी हस्तांदोलन करून गेल्या. माझ्याशी नाही.

ग्रेगने लॉबीत मला थांबवलं. तो हसत नव्हता. "यू एम्बॅरस्ड मी."

मी म्हटलं, "मी तुला नाही, स्वतःला एम्बॅरस केलं. तुला स्वतःची लाज वाटली असती तर मी जास्त खूश झाले असते." त्यानंतर मला तिथून काम आलं नाही.

काही महिन्यांनी टोकियोहून एक पत्र आलं, सेन्सेईंच्या ऑफिसातून. कादंबरीवर आता कार्टून मालिकाही निघाली होती. तिच्या इंग्लिश हक्कांच्या करारात त्यांनी एक कलम घातलं होतं : सबटायटल्समधला एकही शब्द भाषांतरकाराच्या सहीशिवाय बदलायचा नाही. ही माहिती मला कळवावी, अशी सेन्सेईंची सूचना आहे. बाकी काही नाही. 'कशा आहात' नाही, 'क्षमा केली' नाही. ग्रेगने ते कलम वाचून मालिका घेतलीच नाही. दुसऱ्या कुणीही घेतली नाही. म्हणजे इंग्लिशमध्ये ती गोष्ट एकाच रूपात उरली, त्या चुकीच्या डिस्कच्या.

मी पुढे इतर ठिकाणी कामं केली, कोर्टात आणि कारखान्यांत दुभाषी म्हणून उभी राहिले. कुणाच्याही बाजूने गोड केलं नाही. काहींना मी कडक वाटले. असेन.

त्या दशकाच्या शेवटाला सेन्सेई गेल्या. इथल्या एका मोठ्या पेपरात त्यांच्यावर मृत्युलेख आला. आमच्या डॉक्टरांनी तो नाश्त्याच्या वेळी माझ्यासमोर ठेवला. चांगला लिहिला होता, शेवटून दुसऱ्या परिच्छेदापर्यंत. तिथे म्हटलं होतं, की रहस्यकथेच्या नियमांची त्यांना फारशी पर्वा नव्हती, त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कथेत तर एक साक्षीदार प्रेक्षकांशी सरळसरळ खोटं बोलते.

मी टोस्ट तसाच टाकून उठले आणि पेपरला पत्र लिहिलं. दोन पानी. मूळ जपानी वाक्य दिलं, त्याचा शब्दशः अर्थ दिला, डिस्कवर काय छापलं गेलं, कुणी बदललं, कुणाचं नाव लागलं, सगळं दिलं. माझी चूक पण लपवली नाही. अगदी शेवटी, जाता जाता, हेही लिहिलं की मृत्युलेखात त्यांचं वय एका वर्षाने कमी पडलं आहे.

पुढच्या आठवड्यात पेपरच्या कोपऱ्यात दुरुस्ती छापून आली. त्यांनी वय सुधारलं होतं.